किटीवेकची कॅप्टन

सुचित्रा डब्लिनच्या टॅला उपनगरात राहायला आली ती २०१४च्या शरद ऋतूत. नवरा आलोक भूलतज्ज्ञ, तिथल्याच मोठ्या हॉस्पिटलात. मुलगी ईशा चार वर्षांची. आमच्या डब्लिनच्या मंडळात डॉक्टरांच्या बायका पुष्कळ, डॉक्टरांचे नवरेही दोन-चार. पण "तुम्ही काय करता?" या प्रश्नाला "मी जहाजावर असते. म्हणजे, असायचे," असं उत्तर देणारी ती पहिलीच. गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत तिने मला ते सांगितलं आणि लगेच विषय बदलून मोदकाची पिठी कुठे मिळते ते विचारलं.

मुंबईहून ती तेलाच्या टँकरवर चढली तेव्हा बावीस वर्षांची होती. चढत चढत चीफ ऑफिसर झाली, मास्टर्सची, म्हणजे कॅप्टन होण्याची परीक्षा पास झाली. "पुढच्या जहाजावर कॅप्टन तू," असं कंपनीने तोंडी सांगितलंही होतं. तेवढ्यात आलोकला आयर्लंडची नोकरी लागली. ईशा लहान, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सुचित्राने विचार केला, एक-दोन वर्षं जाऊ देऊ. डब्लिनला उतरल्यावर नीट कळलं की तिच्या व्हिसावर नोकरीच करता येत नाही.

टॅलाहून समुद्र दिसत नाही. दिसतात ते डोंगर, आणि त्यांच्यावरून खाली उतरणारा पाऊस. ती सकाळी ईशाला शाळेत सोडायची, पोळ्या करायची, लायब्ररीत जायची. मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, स्वोर्ड्सहून, कधी तिच्याकडे गेले तर घर लख्ख आवरलेलं असायचं. "आमच्याकडे कपाटातले डबेसुद्धा वादळात हलणार नाहीत असे लावलेत," असं आलोक हसत म्हणायचा. ती हसायची नाही.

किटीवेक तिला दिसली २०१६च्या उन्हाळ्यात, डन लेरीच्या धक्क्यावर. जुनं मासेमारी खात्याचं गस्ती जहाज, गडद निळा रंग दिलेलं, अंगावर पांढरी व्हेल रंगवलेली. किटीवेक हे तिकडच्या एका लहान समुद्रपक्ष्याचं नाव. व्हेलची शिकार थांबवू पाहणाऱ्या एका संस्थेने ते जहाज विकत घेतलं होतं आणि त्या दिवशी लोकांना बघायला खुलं ठेवलं होतं. ईशाला आइस्क्रीम हवं होतं. सुचित्रा तिला घेऊन जहाजावर चढली ती दोन तास खाली उतरली नाही. स्वयंसेवकाला पगार नसतो, त्यामुळे व्हिसाचाही प्रश्न नव्हता.

मला तिने नंतर प्रामाणिकपणे सांगितलं, "व्हेलचं मला तेव्हा काही विशेष नव्हतं गं. मला जहाज हवं होतं." व्हेल पुढच्या वर्षी आली. कॉर्कच्या पश्चिमेला एका शांत सकाळी जहाजाच्या अगदी शेजारी ती वर आली, तिने श्वास सोडला आणि काही न करता नुसती तिथे थांबली. सुचित्रा म्हणाली, "एवढी मोठी गोष्ट आणि एवढी निवांत, असं मी कधी पाहिलं नव्हतं." त्यानंतर मात्र तिला व्हेलचंही वाटू लागलं.

त्याच वर्षी तिची डोनलशी ओळख झाली. डोनल डोनेगलमधल्या किलीबेग्ज या मासेमारी बंदराचा, साठीला टेकलेला. तीस वर्षं ट्रॉलर चालवलेला माणूस. मासेमारी सोडून तो व्हेल वाचवायला निघाला म्हणून गावातले काही लोक त्याच्याशी बोलत नसत. किटीवेकवर तो फर्स्ट मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी होता आणि सुचित्रा त्याच्या हाताखाली. चहा तो इतका कडक करायचा, की तिने त्याला एकदा आपला आल्याचा चहा करून पाजला. त्याने घोटभर घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ग्रँड," म्हणजे तिकडच्या बोलीत छान. पुन्हा त्या कपाकडे पाहिलं नाही. पण त्या भागातला समुद्र त्याने तिला मन लावून शिकवला. ती टँकरची, तिला एवढ्या लहान जहाजाची सवय नव्हती.

२०१८ साली टीव्ही आला. एका वाहिनीला या मोहिमेवर आठ भागांची मालिका करायची होती. पैशाची चणचण असलेल्या संस्थेला ते हवंच होतं. जहाजावर जिथे तिथे छोटे कॅमेरे बसले. एक केबिन रिकामी करून तिथे दिवा आणि खुर्ची ठेवली. प्रत्येकाने अधूनमधून तिथे बसायचं आणि मनातलं बोलायचं. हे सगळं बघणारी निर्माती ओर्ला डब्लिनचीच, चाळिशीची, हुशार, बोलायला गोड.

निघायच्या आठवड्यात जुना कॅप्टन कंबरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. कॅप्टनचं सर्टिफिकेट जहाजावर दोघांकडे होतं, डोनलकडे आणि सुचित्राकडे. सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की डोनल कॅप्टन होणार. पण संस्थेच्या लोकांशी बोलून आलेल्या ओर्लाने सुचित्राला धक्क्यावर बाजूला घेतलं.

"डोनल चांगलाच आहे," ती म्हणाली, "पण असे दाढीवाले म्हातारे लोकांनी शंभर वेळा बघितलेत. तू घेतेस का जहाज?"

"म्हणजे मी टीव्हीवर चांगली दिसेन म्हणून?"

"तू लायक आहेस म्हणून. आणि दिसशीलही चांगली. दोन्ही खरं असू शकतं ना?"

सुचित्राने त्या रात्री आलोकला फोन केला. "डोनलला काय वाटेल?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "त्याला विचारते." आणि विचारलंही, पण होकार दिल्यानंतर. डोनलने टोपी काढून डोकं खाजवलं. "ग्रँड सो, कॅप्टन," तो म्हणाला. त्या दिवसापासून त्याने तिला नावाने हाक मारली नाही.

ती वाईट कॅप्टन नव्हती. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकून लोकांना तसं वाटतं. तिने पाळ्या नीट लावल्या, भांडणं मिटवली, बोट लागलेल्या माणसांना स्वतः बिस्किटं नेऊन दिली. स्वयंसेवक नाना तऱ्हेचे. त्यांत कॉर्कची मॉरीन नावाची एक भूगोलाची शिक्षिका होती, पन्नाशीची, शाळेची सुट्टी घालवायला आलेली. मॉरीन संध्याकाळी डेकवर फिडल, म्हणजे व्हायोलिन वाजवायची. तिने ठेका धरला की डोनलसुद्धा पायाने ताल द्यायचा.

उत्तरेला, जिथे व्हेल मारायला अजून परवानगी होती त्या पाण्यात, ते शिकारी जहाजाच्या मागे धुक्यातून हिंडत राहिले. काही घडत नव्हतं. ओर्ला अस्वस्थ होऊ लागली. "सुचित्रा, पाच भागांचं धुकं आहे माझ्याकडे," ती एकदा जेवताना म्हणाली. सगळे हसले, सुचित्राही.

मग एका दुपारी धुकं उठलं. शिकारी जहाज समोर होतं आणि त्याच्यापुढे दोन व्हेल. पण धुक्यासोबत वाराही फिरला होता, लाटा वाढत होत्या. मोहिमेची पद्धत ठरलेली होती. रबरी बोट खाली सोडायची आणि ती व्हेल आणि भाल्याची तोफ यांच्या मधे न्यायची. बोटीत चौघं बसणार होते, त्यांत मॉरीन. ती कपडे चढवून तयार होती.

ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, सुचित्रा, डोनल, ओर्ला आणि कॅमेरावाला एवढेच होते. सुचित्राने विचारलं, "डोनल, बोट उतरवता येईल?"

डोनलने खिडकीतून पाण्याकडे पाहिलं. "उतरवायची तर उतरवीन मी," तो म्हणाला. "पण तुझ्या जागी असतो तर नसती उतरवली. खाली सोडणं सोपं आहे. परत वर घेणं नाही."

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. सुचित्रा मला म्हणाली, "त्या वेळी मी समुद्राकडे बघायला हवं होतं. मी व्हेलकडे बघत होते. आणि खोटं कशाला बोलू, मी कशी दिसतेय हेही मनात होतं." तिने हुकूम दिला. डोनल डेकवर गेला.

बोट नीट उतरली. पण ती मधे पोचायच्या आधीच तोफेचा आवाज झाला. एक व्हेल गेली. दुसरीने खोल बुडी मारली, ती पुन्हा दिसली नाही. आता बोट वर घ्यायची होती. डेकवर उभा राहून क्रेनवाल्याला हाताने इशारा देण्याचं काम डोनलचं. त्याने इशारा दिला तो क्षणभर आधी. मोठी लाट अजून यायची होती. जहाज कललं, अर्धवट उचललेली बोट झोका खाऊन जहाजाच्या अंगावर आदळली. मॉरीनचा डावा हात मधे सापडला.

हेलिकॉप्टर आलं, मॉरीनला घेऊन गेलं. तिची तीन बोटं काढावी लागली. फिडलवर सूर धरणारा हात तोच.

किटीवेक बंदराकडे परत निघाली तेव्हा ओर्लाने सुचित्राला त्या केबिनमधल्या खुर्चीत बसवलं.

"क्रेनला इशारा कोणी दिला?" तिने विचारलं.

"डोनलने."

"बरोबर होता?"

"नाही. जरा लवकर होता."

"आणि बोट उतरवण्याबद्दल तुला काय सांगायचंय?"

"मोहिमेच्या नियमात बसत होतं."

ओर्लाने पुन्हा विचारलं, "दुसरं काही सांगायचंय?"

"नाही," सुचित्रा म्हणाली.

डोनलने नको म्हटलं होतं, हे ती बोलली नाही. मी तिला एकदा विचारलं, का गं? ती म्हणाली, "कॅमेरा होताच ना ब्रिजवर. सगळं टिपलेलं होतं. मला वाटलं, ते आपोआप दिसेलच. मी कशाला स्वतःच्या तोंडाने सांगायचं?"

मालिका २०१९च्या फेब्रुवारीत लागली. अपघाताचा भाग ज्या दिवशी होता त्या दिवशी सँडीफोर्डला मंडळातल्या विद्याच्या फ्लॅटवर आम्ही सगळे जमलो. बटाटेवडे, चहा, मुलांचा गोंधळ. सुचित्रा यायला तयार नव्हती, विद्यानेच आग्रह करून आणलं. "अगं, तू टीव्हीवर कॅप्टन म्हणून, आणि घरी बसतेस?"

पडद्यावर ब्रिज आला. मागे संगीत, खवळलेलं पाणी, सुचित्राचा करारी चेहरा. तिने विचारलं, बोट उतरवता येईल? डोनल खिडकीकडे वळला आणि म्हणाला, "आय कॅन गेट हर डाऊन," म्हणजे, उतरवीन मी. आणि तिथेच दृश्य तुटलं. बोट पाण्यात होती. पुढचं वाक्य नव्हतं. मग तोफ, लाट, डोनलचा वर गेलेला हात तीन वेळा, संथ गतीने. मॉरीनची किंकाळी. आणि केबिनमध्ये दिव्याखाली सुचित्रा, "डोनलने. जरा लवकर होता."

विद्याच्या घरात टाळ्या वाजल्या. "काय गं धीराची तू!" "त्या म्हाताऱ्याला कशाला ठेवलं होतं पण?" ईशा आईला चिकटून म्हणाली, "मॅम, यू लुक सो क्रॉस. किती रागावलीयस!" सुचित्रा उठून स्वयंपाकघरात गेली आणि कोणी न सांगता भांडी घासायला लागली.

परतताना गाडीत आलोकने विचारलं, "तू मला अपघातानंतर फोनवर म्हणाली होतीस, डोनल नको म्हणाला होता."

"हो."

"मग?"

"ते दाखवलं नाही त्यांनी."

"आणि तू सांगितलं होतंस?"

हे तिने मला सांगितलं तेव्हा त्यापुढचं काही सांगितलं नाही. मला वाटतं, त्यापुढे काही झालंच नसावं. आलोक गाडी चालवत राहिला असेल.

डोनलचं काय झालं ते हळूहळू कळत गेलं. मासेमारी करणाऱ्या तरुणांना समुद्रावरची सुरक्षा शिकवायचं काम त्याला त्या वसंतात मिळायचं होतं. ते लोक म्हणाले, सध्या राहू द्या. किलीबेग्जच्या पबमध्ये कोणी ग्लास खाली ठेवला तरी पोरं ओरडायची, "आय कॅन गेट हर डाऊन!" त्या वाक्याची चार सेकंदांची क्लिप फोनोफोनी फिरत होती. व्हेल वाचवणारा म्हणून जे आधीच त्याच्याशी बोलत नव्हते, त्यांना तर आयतंच मिळालं.

सुचित्राने त्याला फोन केले. त्याने उचलले नाहीत. मग ती ओर्लाच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, पूर्ण चित्रण बाहेर काढा. ओर्ला म्हणाली, करारात ते बसत नाही. सुचित्राचा आवाज चढला. "तुम्ही त्याचं अर्धं वाक्य कापलंत!"

"कापलं," ओर्ला म्हणाली. "चव्वेचाळीस मिनिटांत सगळं बसत नाही, कापणं हेच माझं काम आहे. पण मी तुला त्या खुर्चीत विचारलं होतं, सुचित्रा. एकदा नाही, दोनदा विचारलं. तू बोलली असतीस तर ते मला कापता आलं नसतं."

त्याच मार्चमध्ये व्हिसाचे नियम बदलले. सुचित्राला नोकरी करता येणार होती. आलोकने बर्फी आणली, मंडळात अभिनंदन झालं. संस्थेचंही बोलावणं आलं, दुसऱ्या मालिकेत पुन्हा कॅप्टन हो, आणि या वेळी रीतसर पगारावर. ती आधी त्यांच्या बैठकीला गेली आणि सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, बोट उतरवायचा निर्णय माझा होता, डोनलने नको म्हटलं होतं, आणि तुम्ही जहाज मला दिलंत तेही चुकीच्या कारणासाठी. लोकांनी ऐकून घेतलं. अध्यक्षांनी आभार मानले. दुसऱ्या मालिकेसाठी मग त्यांनी दुसऱ्याच कोणाला घेतलं. बैठक बंद दाराआडची होती, तिथलं बाहेर कुठे आलं नाही.

मॉरीनला भेटायला ती कॉर्कला गेली. मॉरीनने उजव्या हाताने चहा ओतला आणि म्हणाली, "त्या बोटीत मी माझ्या पायांनी चढले होते. माझ्याकडून तुला माफी लागत असेल तर घे. पण मला वाटतं, तू चुकीच्या घरी आलीयस."

म्हणून मे महिन्यात ती किलीबेग्जला गेली. बसने जवळजवळ सबंध दिवस लागतो. घर चढावर होतं, खाली बंदर, माशांचा वास वरपर्यंत. दार डोनलच्या बायकोने उघडलं. तिने सुचित्राला ओळखलं, आत या म्हणाली नाही, पण दार उघडं ठेवून मागे गेली.

डोनल बाहेर आला. दोघं कुंपणाशी उभे राहिले.

"मी खूप फोन केले," सुचित्रा म्हणाली.

"दिसले मला."

"डोनल, मी सांगायला हवं होतं. तू नको म्हणाला होतास हे मी—"

"इशारा लवकर गेला," तो मधेच म्हणाला. "तो माझा हात होता. मॉरीनचा हात मला रोज दिसतो. त्याबद्दल कोणी काही बोललं तर मी उलट बोलणार नाही." तो बंदराकडे बघत होता. "पण जहाजावर झालेल्या गोष्टीतलं अर्धं माझं होतं आणि अर्धं कॅप्टनचं. मी माझं उचललं. तुझं तू उचलशील, असं मला वाटलं होतं. मी वाट बघितली."

"मी आता सांगते. पेपरात, रेडिओवर, म्हणशील तिथे."

"नको," तो म्हणाला. "आता कुठे शांत व्हायला लागलंय. तू बोललीस की पुन्हा सगळं सुरू."

तिने त्याला विचारलं, मला जहाज मिळालं याचा तुला राग आला होता का? "आला होता ना," तो म्हणाला. "पण तू चांगली होतीस. ते बघून गेला." मग थंडी पडतेय, शेवटची बस चुकेल, असं म्हणून तो आत गेला.

तिने त्याचं ऐकायचं ठरवलं होतं. जून-जुलै ऐकलंही. पण ऑगस्टमध्ये मालिका पुन्हा दाखवली जाऊ लागली, क्लिप पुन्हा फिरली, आणि तिला राहवलं नाही. डोनेगलच्या एका लहान रेडिओ केंद्राला तिने स्वतः फोन केला. त्यांनी सकाळच्या कार्यक्रमात घेतलं, निधनवार्ता संपल्यावर आणि जनावरांच्या बाजारभावांच्या आधी. डोनलने आपल्याला थोपवलं होतं, आपण त्याचं ऐकलं नाही, आणि नंतर त्याला एकटं पडू दिलं, असं ती सरळ बोलली. निवेदकाने विचारलं, "मग इतके दिवस का बोलला नाहीत?" ती म्हणाली, "मला बरं दिसायचं होतं." निवेदकाने गाणं लावलं.

दोन दिवसांनी डोनलच्या बायकोचा फोन आला.

"त्याने ऐकलं," ती म्हणाली. "तो काही बोलणार नाही, म्हणून मी करतेय."

"त्याने नको म्हटलं होतं. मी पुन्हा त्याचं ऐकलं नाही."

"हो. पुन्हा नाही ऐकलंत." पलीकडे किटली उकळल्याचा आवाज येत होता. "बोललात ते बरं केलंत, असं मी म्हणते. तो काय म्हणतो ते मला माहीत नाही. पण खरं सांगू का, ज्यांनी ते रेडिओवर ऐकलं त्यांना डोनल कसा आहे ते आधीच माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं ते आमचा रेडिओ ऐकत नाहीत."

सुचित्राने विचारलं, तो कसा आहे? बायको म्हणाली, स्कॉटलंडला निघालाय. मत्स्यशेतीच्या बोटीवर काम मिळालंय. तिकडे त्याला कोणी ओळखत नाही. दोन महिने तिकडे, दोन आठवडे घरी. या वयात. "मी इथेच राहणार," ती म्हणाली. "माझी आई आहे."

सुचित्रा आता जहाजांची तपासणी करणाऱ्या एका लहान कंपनीत आहे. डब्लिन बंदरात येणाऱ्या बोटींवर चढते, जीवरक्षक होड्या, दोर, क्रेन बघते, उतरून घरी येते. पगार बरा आहे. समुद्रावर जायचं पुन्हा कोणी विचारलं का, असं मी तिला हल्लीच विचारलं. सप्टेंबरातली गोष्ट, आम्ही ईशाला पोहण्याच्या क्लासहून आणायला निघालो होतो.

"विचारलं दोघातिघांनी," ती म्हणाली. "कॅप्टनच्या जागेसाठी."

"मग?"

"मेट म्हणून जाईन म्हटलं. चांगल्या कॅप्टनच्या हाताखाली." ती गाडीची किल्ली हातात फिरवत उभी राहिली. "त्यांना वाटलं, मी विनयाने बोलतेय."